जुन्या बुलेटचं ऑइल: पातळी कशी वाचायची, कसं बदलायचं आणि पंप चालतोय हे कसं बघायचं

जुन्या बुलेटला ऑइलचा लाल दिवा नाही, प्रेशरचा काटा नाही. फीड पंप बंद पडला तरी इंजिन नेहमीसारखंच धडधडत राहतं. काही किलोमीटरवर खालून ठोका यायला लागतो, तोवर बिग एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथलं बेअरिंग) गेलेला असतो. मग इंजिन उतरवा, क्रँक प्रेसवर उघडा, नवीन रॉड बसवा, क्रँक ट्रू (सरळ, एका रेषेत) करून घ्या. हे सगळं टाळायचं तर दोन गोष्टी यायला हव्यात: ऑइलची पातळी बरोबर वाचणं, आणि ऑइल फिरतंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. नवीन मालक पहिली गोष्ट बहुतेकदा चुकीची करतात आणि दुसरी करतच नाहीत.

हा लेख कास्ट आयर्न इंजिनाच्या (म्हणजे सिलिंडर बिडाचा असलेल्या) ३५० बुलेटपुरता आहे. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीबरोबर मद्रास मोटर्सने १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू केली, तेव्हापासून २०१०च्या सुमारापर्यंत भारतात बनत राहिलेलं हेच ते इंजिन. गिअरबॉक्स वेगळा, प्रायमरी (क्लच आणि त्याची चेन असलेली डावी पेटी) वेगळी, डिस्ट्रिब्यूटर (स्पार्कची वेळ ठरवणारा भाग) सिलिंडरच्या मागे. नंतरचं युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन (ज्याला सगळे यूसीई म्हणतात) अगदी निराळं आहे. त्यात इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच ऑइल लागतं. खालची माहिती त्याला लावू नका.

ऑइल कुठून कुठे जातं

बुलेटची ऑइलची टाकी बाहेर कुठे लटकवलेली नाही. ती क्रँककेसच्याच (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) ओतकामात, फ्लायव्हीलच्या (क्रँकवरच्या जड चाकांच्या) मागच्या बाजूला आहे. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे ऑइलची टाकी आणि पलीकडे फ्लायव्हील फिरण्याची जागा. टाकी भरलेली असली पाहिजे आणि फ्लायव्हीलची जागा जवळजवळ कोरडी. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

हे काम दोन पंप करतात. दोन्ही उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये आहेत आणि क्रँकच्या टोकावरच्या वर्म नटवर (मळसूत्रासारखे दाते असलेल्या नटवर) चालतात. फीड पंप टाकीतून ऑइल ओढतो, फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) फिल्टरमधून गाळून क्रँकच्या टोकातून बिग एंडला देतो. तिथून उडालेलं ऑइल सिलिंडर, पिस्टन, बेअरिंग यांना लागतं आणि क्रँककेसच्या तळाशी जमतं. रिटर्न पंप ते तळातून उचलून बाहेरच्या बारीक नळीने हेडवर रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांना) पाठवतो. रॉकर भिजवून ते पुशरॉडच्या बोगद्यातून टायमिंग चेंबरमध्ये उतरतं आणि पुन्हा टाकीत जातं. रिटर्न पंपाची ताकद फीड पंपापेक्षा जास्त ठेवली आहे, म्हणजे फ्लायव्हीलच्या जागेत ऑइल साचून राहणार नाही.

यातली एक बाब लक्षात ठेवा: रॉकरला ऑइल येतं ते रिटर्न पंपाकडून. म्हणून ‘हेडवरचा बोल्ट ढिला केला, ऑइल आलं, पंप ठीक आहे’ असं कुणी म्हणालं तर तो अर्धाच तपास झाला. बिग एंडला ऑइल पोचतंय की नाही हे त्यावरून ठरत नाही.

पातळी: थंड इंजिनावर डिपस्टिक खोटं बोलते

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपाच्या चकतीतून थेंब थेंब झिरपत फ्लायव्हीलच्या जागेत उतरतं. याला वेट सम्पिंग म्हणतात. पंपाची चकती आणि तिची बैठक जितकी झिजलेली, तितकं हे लवकर होतं. थोडंफार तर प्रत्येक जुन्या बुलेटमध्ये होतं, त्याने घाबरायचं कारण नाही.

घोटाळा होतो तो इथून पुढे. मालक रविवारी सकाळी डिपस्टिक काढतो, खालच्या खुणेलाही ऑइल लागलेलं नाही असं बघतो, घाबरून अर्धा लिटर ओततो आणि किक मारतो. इंजिन चालू झाल्यावर रिटर्न पंप खाली साचलेलं सगळं ऑइल टाकीत आणून टाकतो. आता टाकीत अर्धा लिटर जास्त झालं. ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडतं, चेन, मागचा टायर, एअर फिल्टर जिथे जिथे ती नळी नेली असेल तिथे सगळीकडे जातं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग मेकॅनिक रिंगा गेल्या म्हणून सांगतो आणि चांगला बोअर उघडला जातो.

पातळी वाचण्याची पद्धत अशी. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवा, म्हणजे खाली साचलेलं सगळं वर आलेलं असेल आणि ऑइल गरम झालेलं असेल. सपाट जागी मेन स्टँडवर उभी करा. साइड स्टँडवर घेतलेलं माप कामाचं नाही. इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून फडक्याने कोरडी पुसा, पुन्हा घाला, काढून आडवी धरून बघा. दरवेळी डिपस्टिकची टोपी एकाच पद्धतीने बसवा, एकदा आटे फिरवून आणि एकदा नुसती टेकवून असं करू नका.

दोन खुणांच्या मध्ये ऑइल असलं की पुरे. आमच्या मते वरच्या खुणेपर्यंत भरूच नये. कास्ट आयर्न बुलेट काठोकाठ भरली की जादाचं ती स्वतःच ब्रीदरमधून फेकून देते आणि एका पातळीवर येऊन थांबते. तुमची गाडी कुठे थांबते ते दोन-तीन आठवडे बघा. बहुतेक गाड्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी स्थिरावतात. तीच तुमच्या गाडीची पातळी.

गाडी चार-सहा महिने उभी असेल तर सरळ किक मारू नका. क्रँककेसच्या तळाचा ड्रेन प्लग काढा, साचलेलं ऑइल स्वच्छ भांड्यात घ्या, प्लग लावा. ऑइल चांगलं असेल तर गाळून टाकीत परत ओता, काळं झालं असेल तर या निमित्ताने बदलूनच टाका. फ्लायव्हील ऑइलमध्ये बुडलेली असताना इंजिन सुरू केलं तर ती ऑइल घुसळतात, दाब वाढतो आणि डाव्या बाजूच्या सीलमधून ऑइल प्रायमरीत शिरतं.

वेट सम्पिंग नेहमीचं आहे की जास्त आहे, हे ठरवायला साधा उपाय: चालवून आल्यावरची पातळी आणि आठवडाभर उभी राहिल्यानंतर सुरू करण्याआधीची पातळी, दोन्ही लिहून ठेवा. आठवड्यात थोडी उतरली तर चालेल. एका रात्रीत टाकी रिकामी होत असेल तर फीड पंपाची चकती बैठकीवर नीट बसत नाही किंवा तिची स्प्रिंग मेली आहे. चकती मेटल पॉलिशने बैठकीवर घासून घेतात आणि स्प्रिंग नवी टाकतात. ते काम टायमिंग कव्हर उघडल्यावरच होतं.

कोणतं ऑइल घालायचं

२०डब्ल्यू-५० ग्रेडचं साधं मिनरल फोर स्ट्रोक ऑइल. महाराष्ट्राच्या हवेला, कोकणात असो की विदर्भाच्या मे महिन्यात, हेच ठीक. महागडं सिंथेटिक घालून या इंजिनाचा वेगळा फायदा होत नाही. या इंजिनाला वारंवार बदललेलं स्वच्छ ऑइल हवं असतं, त्यामुळे जास्त पैसे एका डब्यात घालण्यापेक्षा दोन वेळा बदलण्यात घाला. १०डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल घालू नका. पंपाच्या झिजलेल्या जागांतून ते जास्त झिरपतं आणि ढिल्या बुशवर (बेअरिंगचं काम करणाऱ्या धातूच्या नळीवर) त्याचा थर टिकत नाही. अनेक जुन्या बुलेटमध्ये बिग एंडला रोलर नाहीत, तरंगता बुश आहे. त्याचं आयुष्य ऑइलच्या थरावर आणि स्वच्छतेवरच अवलंबून असतं.

‘इंजिन ट्रीटमेंट’, घर्षण कमी करणारी बाटली, यातलं काहीही लागत नाही. डबा ओळखीच्या दुकानातून घ्या आणि सील बघून घ्या, कारण सुटं किंवा नकली ऑइल बाजारात मिळतं.

बदलण्याचा क्रम

दर २००० ते २५०० किलोमीटरला, किंवा गाडी कमी फिरत असेल तर सहा महिन्यांनी बदला. कंपनीचे आकडे यापेक्षा जास्त होते, पण फेल्टचा फिल्टर आणि जुनं इंजिन यांना लवकर बदललेलं मानवतं. इंजिनाचं नवीन काम केलं असेल तर पहिलं ऑइल १०० किलोमीटरच्या आत काढा, दुसरं ५०० ला.

जमवायच्या वस्तू: दोन लिटरपेक्षा थोडं जास्त ऑइल (रिकाम्या इंजिनात सुमारे सव्वादोन लिटर मावतं, बदलताना साधारण दोन लिटर लागतं), नवीन फेल्ट फिल्टर आणि त्याचे वायसर, ड्रेन प्लगचे तांब्याचे किंवा फायबरचे वायसर, पसरट घमेलं, ऑइलची किटली, सुती फडकी. पाना रिंगचाच घ्या. जुन्या गाड्यांत ब्रिटिश मापाचे आणि मेट्रिकचे नट-बोल्ट मिसळलेले सापडतात, त्यामुळे पाना आधी बसवून बघा. ‘जवळपास बसतो’ म्हणून वापरलेला पाना आणि स्क्रू पाना यांनीच प्लगची डोकी गोल झालेली असतात.

१. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. गरम ऑइल गाळ घेऊन उतरतं. थंड ऑइल गाळ मागे ठेवतं.

२. मेन स्टँडवर लावा, ऑइलची टोपी ढिली करा, खाली घमेलं सरकवा. इंजिनाच्या तळाशी टाकीचा आणि क्रँककेसचा असे वेगळे ड्रेन प्लग असतात. कोणत्या साली कोणता प्लग कुठे आणि कोणाला जाळी आहे यात फरक आहे. आधी खालून वाकून, पुसून, सगळे बघून घ्या. एकच काढलात तर निम्मं जुनं ऑइल आतच राहतं.

३. पूर्ण निथळू द्या, किमान वीस मिनिटं. तोवर प्लगना जाळ्या असतील तर त्या पेट्रोलने धुऊन वाळवा.

४. टायमिंग कव्हरच्या खालच्या भागातली फिल्टरची टोपी एका नटवर आहे. ती काढली की स्प्रिंग, वायसर आणि फेल्ट बाहेर येतं. प्रत्येक वस्तू ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने आली तशी कागदावर मांडा आणि मोबाईलवर फोटो काढा. टोकाचा एक वायसर राहिला किंवा उलटा बसला तर ऑइल फेल्टमधून न जाता बाजूने निघून जातं आणि न गाळलेलं बिग एंडला पोचतं. फिल्टर बसवलेला असतो, पण नसल्यासारखाच.

५. फेल्ट धुऊन पुन्हा वापरता येतं असं जुन्या पुस्तिकांत लिहिलं आहे. नवीन इतकं स्वस्त आहे की धुवत बसू नका. नवीन फेल्ट वाटीत स्वच्छ ऑइल घेऊन त्यात पूर्ण भिजवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग क्रमाने बसवा. टोपी लावण्याआधी किटलीने आत राहील तेवढं ऑइल सोडा.

६. ड्रेन प्लगना नवीन वायसर घालून बसवा. केस ॲल्युमिनियमची आहे. प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग पान्याने थोडासा आवळा. गळू नये म्हणून जोर लावला की आटे जातात आणि ते केसमधले असतात, प्लगचे नाहीत. आटे गेलेच तर टेफलॉन पट्टी किंवा एम-सील लावून चालवू नका, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकून घ्या.

७. सुरुवातीला पावणेदोन लिटर ओता. लगेच पूर्ण भरू नका, पुढची तपासणी झाल्यावर उरलेलं घाला.

सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर

इथे घाई केली तर वरचं सगळं वाया. फिल्टरच्या खोलीत अजून हवा आहे आणि ही खोली फीड पंप आणि बिग एंड यांच्या मध्ये आहे. हवा बाहेर पडून ती खोली भरेपर्यंत बिग एंडला ऑइल नाही. पंप क्रँकपेक्षा खूप हळू फिरतो, त्यामुळे याला वेळ लागतो.

पेट्रोलचा कॉक बंद ठेवा, किल्ली बंद ठेवा. टायमिंग कव्हरच्या बाहेरच्या बाजूला, मोठ्या खाचेचा फीड प्लग असतो. तो बरोबर बसणाऱ्या रुंद पात्याच्या स्क्रू ड्रायव्हरने दीड-दोन आटे ढिला करा. काढू नका. आता डाव्या हाताने डिकंप्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडून किक हलकी करणारी) लिव्हर दाबून ठेवा आणि किक पूर्ण खालीपर्यंत, शांतपणे मारत राहा. वीस-तीस किकांत प्लगच्या कडेला ऑइल दिसायला लागतं. आधी फेसाळ बुडबुडे येतात, मग ऑइलची गोल कडा फुगते, ओठावर थांबते, पुढच्या किकला ओघळते. बुडबुडे संपून नुसतं ऑइल यायला लागलं की प्लग आवळा. तीस-चाळीस किकांनंतरही काहीच दिसलं नाही तर इंजिन सुरू करू नका. फिल्टर पुन्हा उघडा, क्रम तपासा, थोडं ऑइल सोडा आणि पुन्हा करा. तरीही नाही आलं तर पंप उघडून बघावा लागेल.

मग इंजिन सुरू करा. ॲक्सिलरेटर न पिळता साधारण वेगाने दोन मिनिटं चालू द्या. चालू असतानाच फीड प्लग अर्धा आटा ढिला केला तर ऑइल झटक्याझटक्याने, पंपाच्या ठोक्याबरोबर येताना दिसलं पाहिजे. पुन्हा आवळा, पुसा.

यानंतर रिटर्न पंप. हेडजवळ रॉकरला आलेल्या बारीक नळीचा बँजो बोल्ट (आतून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) अर्धा आटा ढिला करा. इथे ऑइल यायला एक-दोन मिनिटं लागतात, कारण आधी ते खाली क्रँककेसमध्ये उतरायला हवं, तेव्हाच रिटर्न पंपाला उचलायला काही मिळतं. ऑइल पाझरलं की आवळा. या बोल्टात बारीक भोकं असतात, जोर लावला तर तो तिथेच तुटतो. तांब्याचे वायसर कडक झाले असतील तर गॅसच्या आचेवर लाल करून गार करा, ते पुन्हा नरम होतात.

दोन्हींचा अर्थ असा लावा. फीड प्लगला ऑइल आहे, रॉकरला नाही: रिटर्न पंप किंवा नळी अडली आहे. क्रँककेस भरत राहील, टाकी रिकामी होईल, धूर येईल. रॉकरला आहे, फीडला नाही: हे जास्त धोक्याचं. खाली आधीपासून साचलेलं ऑइल रिटर्न पंप वर पाठवतोय म्हणून रॉकर ओले आहेत, पण बिग एंड कोरडा चालला आहे. इंजिन ताबडतोब बंद.

शेवटी एक फेरी मारा, वर सांगितल्याप्रमाणे पातळी बघा, लागेल तेवढं घाला.

ही फीड प्लगची तपासणी फक्त ऑइल बदलल्यावरच करायची नाही. जुनी गाडी विकत घेतलीत तर पहिल्याच दिवशी करा, लांबच्या प्रवासाआधी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

घमेल्यात काय आलं ते बघा

निथळलेलं ऑइल उन्हात तिरकं धरून बघा. काळं असणं स्वाभाविक आहे. बोटावर घेतलं तर राखाडी, बारीक, खरखर न लागणारी पेस्ट जाळीला चिकटलेली असेल तर तीही नेहमीची. पितळी रंगाचे कण म्हणजे कुठला तरी बुश झिजतोय. रुपेरी, नखाने वाकणारे पापुद्रे म्हणजे पिस्टन किंवा बिग एंडच्या बुशचं अस्तर. चुंबकाला चिकटणारे टणक तुकडे म्हणजे बेअरिंग किंवा टायमिंगचे दाते. शेवटच्या दोन्हींत गाडी चालवू नका.

फिल्टरच्या फेल्टमध्ये काळ्या-लाल रबरासारखे धागे सापडले तर आधीच्या कोणीतरी गॅस्केटऐवजी सिलिकॉन फासलं आहे. बाहेर दिसतं तितकंच सिलिकॉन आतही दबलेलं असतं, तेच तुटून ऑइलच्या भोकांत अडकतं. पुढच्या वेळी कव्हर उघडाल तेव्हा ते सगळं खरवडून कागदाचंच गॅस्केट लावा.

इतिहास माहीत नसलेल्या गाडीच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ असतो. डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन थोडा वेळ चालवण्याची पद्धत गॅरेजांत आहे, ती करू देऊ नका. बुशवर डिझेलचा थर टिकत नाही, आणि सुटलेला गाळ एकदम फिल्टरवर येतो. त्याऐवजी साधं ऑइल घालून २०० ते ३०० किलोमीटर हळू चालवा, फिल्टरसह सगळं बदला, पुन्हा तेच करा. दोन-तीन वेळांत गाळ आपोआप उतरतो.

ब्रीदर

बुलेटच्या निम्म्या गळतीचं मूळ गॅस्केटमध्ये नसून ब्रीदरमध्ये असतं. एकच सिलिंडर आहे, पिस्टन खाली येतो तेव्हा खालची हवा कुठेतरी जायलाच हवी. ती ब्रीदरने बाहेर जावी आणि पिस्टन वर जाताना परत आत येऊ नये, म्हणून एकदिशा रबरी झडप असते. तिचा आकार बदकाच्या चोचीसारखा असल्यामुळे तिला डकबिल म्हणतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी राहिला की सगळं ऑइल आत राहतं. झडप कडक झाली, फाटली किंवा नळी चेपली की आत दाब साचतो आणि ऑइल टॅपेट कव्हर, रॉकर कव्हर, डिस्ट्रिब्यूटरची खालची बाजू, जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येतं.

तपासणी: डकबिल काढा, पेट्रोलने नाही, साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा. चोचीचे दोन ओठ बोटाने सोडले की एकमेकांना चिकटून मिटायला हवेत. इंजिनाच्या बाजूने फुंकलं तर हवा जाते, उलटीकडून नाही. ओठ उघडेच राहत असतील किंवा रबर नखाखाली टणक लागत असेल तर नवीन घ्या. नळी सगळीकडे मोकळी ठेवा, टोकाला बूच मारू नका. ऑइल जमिनीवर पडतं म्हणून नळी बंद करणारे लोक सापडतात, त्यांची गाडी मग चारही बाजूंनी गळते.

तेव्हा गॅस्केटवर पैसे घालण्याआधी पातळी बरोबर आहे का आणि ब्रीदर श्वास घेतोय का, हे दोन बघून घ्या.

टायमिंग कव्हर उघडलंच तर

नवशिक्याने हे एकट्याने करू नये, पण मेकॅनिक करत असेल तर शेजारी उभं राहून तीन गोष्टी बघाव्यात. कव्हरच्या आतून क्रँकच्या टोकाला ऑइल देण्याच्या जागी एक छोटा बुचाचा किंवा रबरी वायसर असतो. तो नवीनच घालायचा आणि विसरायचा नाही. तो नसला तर फीड पंपाचं ऑइल बिग एंडला न जाता टायमिंग चेंबरमध्येच सांडतं. नवीन इंजिन बांधून आठवड्यात बिग एंड गेल्याच्या तक्रारींमागे हा वायसर बऱ्याचदा असतो. दुसरं, गॅस्केटची भोकं आणि केसमधली ऑइलची भोकं जुळतात ना. बाजारातल्या काही गॅस्केटांत ती किंचित सरकलेली असतात, ब्लेडने मोठी करावी लागतात. तिसरं, पंपांत कव्हर बसवण्याआधी ऑइल भरा, कोरडे पंप ऑइल ओढत नाहीत. कव्हर बसल्यावर फीड प्लगची तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

प्रायमरी आणि गिअरबॉक्स

डाव्या बाजूच्या प्रायमरीचं ऑइल वेगळं आहे, साधारण ४०० ते ४५० मिलिलिटर. त्यात क्लच भिजलेला असतो, म्हणून तिथे मात्र घर्षण कमी करणारी द्रव्यं नसलेलं, जासो एमए (ओल्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलं ऑइल किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) घाला. लेव्हलचा स्क्रू काढा, ओतत राहा, त्या भोकातून ओघळायला लागलं की थांबा. कव्हर मधल्या एका नटवर आवळलेलं आहे. जास्त आवळलं की कव्हर वाकतं आणि रबरी गॅस्केट कडेने उचललं जातं. मग जितकं आवळाल तितकं गळतं. प्रायमरीची पातळी आपोआप वाढत असेल आणि क्लच घसरत असेल तर इंजिनाचं ऑइल सीलमधून तिकडे जातंय.

चार गिअरच्या जुन्या आल्बियन गिअरबॉक्समध्ये पातळ ग्रीस आणि ९० नंबरचं गिअर ऑइल एकत्र चालतं. नुसतं पातळ ऑइल घातलं तर किकच्या दांड्याजवळून गळत राहतं. इथेही लेव्हल प्लगपर्यंतच भरा.

पावसाळ्यात

ऑइलच्या टोपीच्या आत पांढरट, लोण्यासारखा थर दिसला तर ते पाणी आहे. इंजिन पुरेसं गरम न होता बंद झालं की आतला ओलावा ऑइलमध्येच राहतो. मुंबईत-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये पाच किलोमीटरच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या गाडीत हे हमखास होतं. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा, थर जातो. गणपतीनंतर मात्र किलोमीटर न बघता ऑइल बदला.

घमेल्यातलं जुनं ऑइल रिकाम्या डब्यात भरून झाकण लावा. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. गटारात, झाडाच्या बुंध्याशी किंवा वाळवीसाठी लाकडाला लावायला ते देऊ नका. मोठी गॅरेजं आणि सर्व्हिस सेंटर ते जमा करून अधिकृत प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवतात, त्यांना विचारून तिथे पोचवा. ऑइलने भिजलेला फेल्ट आणि फडकीही त्याच पिशवीत जाऊ द्या.